जात्याला दुसरा हात

भाद्रपद जवळ आला की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा वर येतो. देवधर्म पाळणारी मोठी एकत्र कुटुंबं मोडली, म्हणून म्हातारी माणसं एकाकी पडली, मुलं हट्टी झाली, सण फोटोपुरते उरले, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते, मोडली ते बरंच झालं. ती घरं बायकांना राबवून घ्यायची व्यवस्था होती आणि त्या राबवण्याला देवाचं नाव दिलेलं होतं. वाद घालणारे दोन्हीकडचे लोक बहुधा अशाच घरांत वाढलेले असतात. दोघांकडे आठवणी असतात आणि दोघांच्याही खऱ्या असतात. तरीही एक जण सुखाचा पाढा वाचतो, दुसरा दुःखाचा, आणि समोरचा खोटं बोलतोय असं दोघांनाही वाटतं. माझ्या मते त्या घरांत सुख आणि दुःख एकाच चुलीवर शिजत होतं, पण वाढलं जात होतं वेगवेगळ्या माणसांच्या पानात. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. मोठं, देवाधर्माचं घर टिकवण्यासारखं आहे. मात्र त्यातली कामाची आणि मानाची वाटणी आहे तशीच ठेवून ते टिकवा, असं कुणी कुणाला सांगू नये. ही वाटणी बदलली तर धर्म बुडेल या भीतीलाही आधार नाही, कारण ती बदलायची वाट आपल्याच संतांनी दाखवून ठेवली आहे.

मी परभणी जिल्ह्यातल्या अशा घरात वाढले जिथे महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, फक्त थोरल्या घरी बसतात. बाकीच्या भावांनी आपापली बिऱ्हाडं थाटली, कुणी संभाजीनगरला गेलं, कुणी पुण्याला. पण मुखवट्यांचा जोड एकच आणि तो काही वाटून घेता येत नाही. अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा घरात येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. या तीन दिवसांत वाडा तुडुंब भरतो. शेताच्या बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ वर्षभर एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जायचे, पण आरतीला शेजारी शेजारी उभे राहायचे. भावाशी भांडण चालेल, देवीकडे न जाणं कसं चालेल? मुलांना तर चुलत, आते आणि मामे हा फरकच कळायचा नाही; ज्याच्या ताटात करंजी शिल्लक, त्याच्या ताटात सगळ्यांचे हात. फुलोऱ्याच्या करंज्यांना मुरड घालायला बायका गोल करून बसल्या की वर्षभराचं साठलेलं तिथे बोललं जायचं. कुणाच्या मुलीला पुढे शिकायचंय, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या छातीत गाठ लागते आणि ती डॉक्टरकडे जायला घाबरते. त्या गोलातून उठून एका काकूने दुसरीला हाताला धरून दवाखान्यात नेलं, आणि ती वाचली. अशी घरं म्हणजे निव्वळ कोंडवाडा, असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा गोल कुठेच येत नाही. मला तो सोडून देता येत नाही.

आता त्याच घराचं स्वयंपाकघर पाहा. ज्येष्ठागौरीच्या दिवशी पहाटे तीन-साडेतीनला बायका उठायच्या, डोक्यावरून न्हायच्या आणि ओल्या केसांनी, धाबळी (सोवळ्याचं लोकरी वस्त्र) नेसून चुलीपुढे बसायच्या. हरभऱ्याची डाळ शिजवून, कट काढून, गुळाबरोबर आटवून पुरण वाटायचं. सोळा भाज्या एकत्र करायच्या. कढी, पंचामृत, आंबील, वडे, भजी, आणि आरतीला पुरणाचे दिवे. नैवेद्य दाखवेपर्यंत घोटभर चहा मिळाला तर मिळाला. नैवेद्य व्हायला दुपार उलटायची. मग पहिली पंगत सवाष्ण-ब्राह्मणांची आणि घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांची, दुसरी मुलांची आणि पाहुण्यांची, तिसरी राहिलेल्यांची. ज्यांनी रांधलं त्या सगळ्यांत शेवटी, चार-साडेचारला बसायच्या. तोवर कोशिंबीर संपलेली, लिंबाच्या फोडी संपलेल्या, कटाच्या आमटीत दोनदा पाणी वाढवलेलं. जेवून उठल्यावर तीच उष्टी, तीच भांडी, तेच खरकट्यावरून शेण फिरवणं. पूजेला यजमान म्हणून काका बसायचे. पहाटेपासून उभ्या असलेल्या काकूंचा पूजेतला वाटा म्हणजे संकल्पाच्या वेळी पदर सावरत येऊन त्यांच्या हाताला हात लावणं, आणि लगेच परत आत जाणं, कारण तेल तापलेलं असायचं. जुने फोटो काढून बघा. देवी आहे, सोवळं नेसलेले पुरुष आहेत, नवे कपडे घातलेली मुलं आहेत. स्वयंपाकघराचा फोटो मी अजून एकाही घरात पाहिलेला नाही.

आमच्या घरात एक आत्या होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. नैवेद्याआधी काही चाखायचं नसतं, त्यामुळे एवढ्या मोठ्या स्वयंपाकाचं मीठ तिच्या अंदाजावर पडायचं. पातेल्यात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं, हे तिनेच आम्हा सगळ्यांना शिकवलं. ती “हूं” म्हणाल्याशिवाय पुरण उतरवायची कुणाची छाती नव्हती. पण ओटी भरायची वेळ झाली, हळदीकुंकवाची तबकं निघाली, की ती उठून माजघरात जायची. तिला कुणी जा म्हटलं नाही. म्हणावं लागतच नव्हतं. आमच्या घरात माणसं प्रेमळ होती. आजीचा तिच्यावर जीव होता. ती आजारी पडली तेव्हा वाडा रात्रभर जागला. हे सगळं खरं आणि देवीच्या समोर ती उभी राहू शकत नव्हती हेही खरं. अशा घरांचं समर्थन करणाऱ्यांना मी एकच विचारते: तुमच्या आठवणीतल्या त्या भरल्या घरात, ओटी भरताना माजघरात कोण बसलं होतं, हे तुम्हाला आठवतं का? बहुतेकांना आठवत नाही. सुखाची आठवण खोटी नसते, पण ती कोणत्या खोलीतून पाहिलेली आहे यावर बरंच अवलंबून असतं.

सुतकाचंही असंच आहे. शहरात वाढलेल्या मुलांना सुतक म्हणजे नुसता जाच वाटतो. कुणी लांबचा चुलत आजोबा गेला की दहा दिवस देवपूजा बंद, सण बंद, ठरलेली मंगळागौर रद्द. पण त्याच नियमामुळे भाऊबंदकीतलं एक माणूस गेलं की गावोगावची घरं एकदम थांबतात, याचं मोल मला मोठं वाटतं. ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्याच्यासाठीही दहा दिवस थांबायचं. दुःख वाटून घ्यायला माणसाच्या मर्जीवर न सोडता त्याचा रिवाज करून ठेवणं, यात जुन्या लोकांचं शहाणपण आहे. मेलेल्या घरची चूल पेटत नाही आणि तरी कुणी उपाशी राहत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. मात्र त्याच नियमाचा दुसरा भाग वाचा. सात पिढ्यांपर्यंतच्या भाऊबंदांना दहा दिवस, आणि लग्न झालेल्या मुलीला स्वतःच्या आई-वडिलांचं तीन दिवस. शेवटची दोन वर्षं जिने आईची अंथरुणातली सगळी सेवा केली, तिचं दुःख शास्त्राने तीन दिवसांत मोजलं, आणि ज्याने त्या आईला एखाद्या लग्नातही पाहिलेलं नाही त्या पुतण्याचं दहा. दुःख वाटून घेण्याची कल्पना उत्तम होती. वाटणीचं माप कुणाच्या हातात होतं, हा माझा प्रश्न आहे.

इथे परंपरावादी मित्र एक मुद्दा मांडतात, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, घर मोडून बाईला काय मिळालं? दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिला स्वयंपाक आहेच, मूल आहेच, नोकरी आहे, आणि मदतीला ना जाऊ, ना नणंद, ना सासू. हे शंभर टक्के खरं आहे. २०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, तर पुरुषांचा ९७. आणि हे पुरुष म्हणजे जे असं काम करतात तेवढेच. मुळात असं काम करणारे पुरुष साधारण चारांत एक, आणि स्त्रिया पाचांत चार. म्हणजे घर लहान झालं म्हणून पुरुषाने आपण होऊन लाटणं हातात घेतलं, असं झालेलं नाही. बाळंतपण, ताप, मुलांची परीक्षा, म्हाताऱ्यांचं पडणं, यांत मोठ्या घरात चार हात आपसूक पुढे यायचे. आता पैसे मोजून ते हात आणावे लागतात, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना तेही मिळत नाहीत. मोठं घर म्हणजे जुलूम आणि छोटं घर म्हणजे मुक्तता, हे समीकरण म्हणूनच मला पटत नाही. पण परंपरावाद्यांचा हाच मुद्दा त्यांच्यावरही उलटतो. छोट्या घरात बाईची दमछाक होते ती काम वाटलं जात नाही म्हणून. मोठ्या घरातही ते फक्त बायकांमध्येच वाटलं जात होतं, आणि त्यांच्यातही धाकट्या सुनेच्या वाट्याला जास्त. घराचा आकार बदलला, वाटणीची रीत तीच राहिली.

इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना पुढच्या गोष्टी सांगितल्या होत्या: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं जेवणं, मालमत्ता सामाईक असणं, आणि देवपूजा एकत्र असणं. १९५३ सालच्या त्यांच्या अभ्यासातली ही मांडणी आज वाचली की वाटतं, आपल्या बहुतेक घरांची गोष्ट याच क्रमाने घडली. छप्पर आधी वेगळं झालं, नोकऱ्यांमुळे. छपरामागून चूल गेली. मालमत्ता कुणाची कोर्टात, कुणाची समजुतीने वाटली गेली. उरली ती शेवटची गोष्ट: महालक्ष्म्या, नवरात्रातला घट, खंडोबाची तळी, कुळधर्म, श्राद्ध. कोकणात काही घरांचा गणपती भाऊबंदांत पाळीने फिरतो, आणि त्या एका पाळीच्या ओढीने मुंबईचा चाकरमानी एसटीत उभ्याने प्रवास करून घरी जातो. आज आपल्याकडे मोठं कुटुंब म्हणजे जवळजवळ केवळ हे देवाचं निमित्त आहे. म्हणूनच देवाच्या कामात कोण काय करतं, कुणाला मान मिळतो, कुणाला बाहेर बसावं लागतं, हा किरकोळ मुद्दा राहिलेला नाही. ज्या एका धाग्यावर घर तरलं आहे तोच धागा अर्ध्या माणसांना काचत असेल, तर ती माणसं तो किती दिवस धरून ठेवतील? पुढच्या पिढीतल्या मुली आत्ताच सांगतात की आई आहे तोवर हे, पुढे आम्ही नाही. त्यांना नावं ठेवण्याआधी त्यांनी आईला जेवायला किती वाजता बसताना पाहिलं, ते विचारा.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत कठीण आक्षेप. तो असा: ही घरं एकत्र राहिली ती धाकामुळेच. कर्त्या पुरुषाचा शब्द अखेरचा, सासूचा शब्द माजघरात अखेरचा. तो धाक काढला की घर उभंच राहणार नाही, आणि धाक ठेवायचा तर ते घर नको. या आक्षेपात तथ्य आहे. धाकाने घर बांधून ठेवता येतं, हे आपण पाहिलेलं आहे. धाकाचा चटका फक्त बायकांनाच बसला असंही नाही. थोरला म्हणून शिक्षण सोडून शेती आणि देवघर सांभाळत राहिलेले, धाकट्यांच्या फिया भरत आयुष्य काढलेले किती तरी काका आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. पण धाक गेला की घर जातं, हे दर वेळी सांगितलं गेलं आणि दर वेळी ते तसं घडलं नाही. कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या मुलाची कमाई कुटुंबाची की त्याची, हा वाद एके काळी न्यायालयांत गाजत होता. १९३० साली मुकुंदराव जयकरांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि विद्येची कमाई ज्याची त्याची ठरली. १९३७ साली डॉ. गोपाळराव देशमुखांच्या विधेयकामुळे विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर निदान हयातीपुरता हक्क मिळाला. डॉ. आंबेडकरांचं हिंदू कोड बिल अडवताना कुटुंब मोडेल हीच ओरड होती. ते बिल रखडलं म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच मिळतो हे पक्कं केलं. केरळने तर १९७५ च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंब ही कायद्यातली गोष्टच रद्द करून टाकली. म्हणून ओणमला माणसं घरी जायची थांबली का? या क्रमात एक गोष्ट नजरेत भरते. शिकलेल्या पुरुषाला एकत्र कुटुंब अडचणीचं वाटलं तेव्हा त्याची कमाई सोडवून घ्यायला १९३० साल पुरलं. मुलीला बरोबरीचा हिस्सा मिळायला त्यानंतर साठ-सत्तर वर्षं लागली. आणि कायद्याने दिलेलं घरात अजून पोचलेलं नाही. एकत्र हिंदू कुटुंबाची कर्ती थोरली मुलगी होऊ शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. पण घरातल्या पूजेच्या पाटावर तिला बसवायचं म्हटलं की आजही गुरुजींकडे नाही तर धाकट्या भावाकडे पाहिलं जातं. कायद्याला चालते ती मुलगी देवघराला का चालू नये?

“धर्मात असं बसत नाही,” हे उत्तर यावर हमखास येतं. हे उत्तर ज्या महाराष्ट्रात दिलं जातं तिथल्या धर्माची सगळ्यांत प्रेमाने सांगितली जाणारी गोष्ट कोणती? आमच्या गंगाखेडची जनाबाई. ती पोरकी मुलगी दामाशेटींच्या घरी पंढरपूरला आली. नामदेवांचं ते घर म्हणजे अस्सल मोठं धार्मिक कुटुंब: आई गोणाई, बायको राजाई, चार मुलं, चार सुना, आणि दळण-कांडण करणारी जनी. त्या घरातही सगळं सुखाचं नव्हतं. नवरा विठ्ठलापायी संसाराकडे बघत नाही ही राजाईची तक्रार तिच्या नावावरच्या अभंगांत आजही ऐकू येते. आणि त्या घरात विठ्ठल येतो तो कुठे येतो? तो जनीच्या जात्यापाशी येतो, खुंटा धरतो, तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिच्या केसांतल्या उवा काढतो. सातशे वर्षं आपण ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो आहोत. पण तिचा सरळ अर्थ घ्यायला आपण तयार नाही. त्या घरात एवढी माणसं होती, संत होते, कीर्तनं होत होती. जात्याला दुसरा हात लावायला मात्र देवाला यावं लागलं. कऱ्हाडच्या सखूचंही तेच. सासर देवभोळं, तरी सुनेने वारीला जायचं नाव काढलं तर तिला खांबाला बांधलं. अखेर तिचं रूप घेऊन पाणी भरायला, धुणंभांडी करायला पांडुरंगच त्या घरी राहिला. या कथा रचणाऱ्या आणि जपणाऱ्या लोकांना घराघरातलं दुखणं नेमकं ठाऊक होतं. त्यांनी देवालाच घरकामाला लावलं. यापेक्षा स्पष्ट धर्माज्ञा आणखी कोणती हवी?

पैठणच्या एकनाथांची गोष्ट तर श्राद्धाच्या स्वयंपाकाचीच आहे. पितरांसाठी केलेलं अन्न नाथांनी वासाने थबकलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढलं, ब्राह्मण रागावले, आणि सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला. नाथांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण दुसऱ्यांदा चूल कुणी पेटवली? गिरिजाबाईंनी. त्यांनी ते मनापासून केलं असं परंपरा सांगते, आणि मला ते खरं वाटतं. त्या घरातलं औदार्य दोघांचं होतं. तरीही आपण ती कथा नाथांची म्हणून सांगतो. नाथांच्या घरातही मतभेद होते. वडिलांचं हे वागणं न पटून मुलगा हरिपंडित काशीला निघून गेला, आणि पुढे परतला. नाथांच्या घरालाही ही भांडणं चुकली नाहीत, तर आपल्या घरात रीत बदलताना कुणी रुसलं म्हणून बदलणं थांबवायचं का?

रीत बदलली की आभाळ कोसळत नाही, याचे दाखले फार लांबचे नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने मनं एका दिवसात बदलत नाहीत हे मलाही कळतं, पण माझी आत्या असताना असा ठराव कुठल्या गावाने केला असता तर निदान माजघरातून बाहेर बोलवणाऱ्याच्या पाठीशी काही तरी असतं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं; आज त्या लग्नं लावतात, वास्तुशांती करतात, अंत्यविधीही करतात, आणि लोक त्यांना आपण होऊन बोलावतात. त्या घरांतला देव कोपल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणखी एक मुद्दा राहतो आणि तो सगळ्यांत नाजूक आहे. “पुरुषांचं सोडा, बायकांनाच हे हवं असतं. सोवळं सासूच कडक पाळते, सुनेला शेवटच्या पंगतीला तीच बसवते.” हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्या बाईने चाळीस वर्षं शेवटच्या पंगतीला जेवून अखेर चुलीवरचा अधिकार मिळवला, तिला तो अधिकार सुनेच्या पहिल्या दिवाळीत वाटून टाक म्हणणं क्रूरपणाचं आहे. तिच्या आयुष्यातली ती एकच कमाई असते. तिचं पुरण, तिचा मुरडीचा हात, कुणाला किती वाढायचं याचा तिचा अंदाज, ही विद्या आहे, आणि विद्येला मान द्यावा लागतो. लाटणं हिसकावून घेऊन तो देता येत नाही. पूजेच्या पाटावर तिला शेजारी बसवून, पहिल्या पंगतीला तिचं पान मांडून, आणि तिच्या हाताखाली मुलगे शिकायला बसवून तो देता येतो. मुलांनी शिकायचं ठरवलं की या बायका हात आखडता घेतात असा माझा अनुभव नाही. उलट, चिरंजीव पुरण वाटायला बसले की आईला पहिल्यांदा कळतं की आपलं काम कुणाला तरी दिसलं.

आजकालचा सोपा तोडगा म्हणजे सगळं बाहेरून मागवणं. पुरणपोळ्या अमुककडून, भाज्या केटररकडून, घरी फक्त आरती. अडीअडचणीला हे करावंच. दुखऱ्या गुडघ्यांनी कुणी सोळा भाज्या निवडू नयेत. पण हा प्रश्नाचा निकाल आहे असं मात्र मला वाटत नाही. केटररच्या चुलीपुढेही बहुधा बायकाच असतात आणि त्याही पहाटेच उठलेल्या असतात. त्यांची पंगत आपल्याला दिसत नाही एवढंच. शिवाय करंजीला मुरड घालणाऱ्या बायकांचा तो गोल बाहेरून मागवता येत नाही. मला तो गोल हवा आहे. त्यात पुतणे, जावई, मुलगे, दीर बसलेले हवे आहेत, त्यांच्याही छातीतल्या गाठी तिथे बोलल्या जायला हव्या आहेत. पुरुषांना असं बसून बोलायची जागा घराने कधी दिली नाही, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. आमच्या घरातले किती तरी काका मनातलं कुणाला न सांगता गेले.

आमच्याकडे बदल सुरू झाला तो थोरल्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. त्या वर्षी स्वयंपाकघरात उभं राहायला माणसंच पुरेनात, म्हणून भावांना यावं लागलं. पहिल्या वर्षी पुरण पातळ झालं, पोळ्या फाटल्या, आणि दोन वडीलधारे “हा काय कुळाचार झाला?” म्हणत न जेवता निघून गेले. दुसऱ्या वर्षी त्यांतले एक आले. विधवा वहिनींनी ओटी भरली तेव्हा एका काकूंनी तोंड फिरवलं, आणि त्याच काकूंनी संध्याकाळी त्यांच्या हातचं हळदीकुंकू घेतलं. सगळं जुळून आलं आहे असं मी म्हणणार नाही. सोवळ्याचा वाद अजून मिटलेला नाही. पाळी आलेल्या मुलीने बाजूला बसावं की नाही यावर मागच्या वर्षी मोठं भांडण झालं आणि ती मुलगी रडत खोलीत गेली. यंदा ती येणार नाही म्हणते आहे. तिच्या आईने तिला समजवावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं उलटं आहे: तिला बोलवायला घरातल्या सगळ्यांत मोठ्या पुरुषाने फोन करावा, आणि ये म्हणताना तू कुठे बसायचंस हे तूच ठरव, असंही सांगावं.